अटलांटिकवरील एक अपेशी उड्डाण

विमानविद्येच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळलीं असतां त्यांत विक्रमांचीच गर्दी दिसते. कोण प्रथम उडाला, कोणी कोणता समुद्र किती तासांत ओलांडला, कोणास किती हजार पौंडांचें बक्षीस मिळालें, हें सर्व तेथें तारीखवार नोंदलेलें असतें. जे निघाले पण पोंचले नाहींत त्यांच्या वांट्यास बहुधा एखादी तळटीप येते. ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. एंजिन सुरळीत चालत असतां समुद्र ओलांडणें हें धैर्याचें काम खरेंच. परंतु भर समुद्रावर एंजिन बिघडलें असतां वैमानिकानें काय केलें, कोणत्या क्षणीं केलें, आणि काय करावयाचें नाकारलें, यावरून त्या विद्येची व त्या मनुष्याची जितकी पारख होते तितकी यशस्वी उड्डाणावरून होत नाहीं. अशाच एका उड्डाणाची हकीकत येथें सांगावयाची आहे. तें १९१९ सालच्या मे महिन्यांत झालें, हॅरी हॉकर हा त्याचा नायक, आणि तें पुरें झालें नाहीं.

एंजिन बंद पडलें म्हणजे विमान दगडासारखें खालीं येतें, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती प्रथम दूर केली पाहिजे. विमानास हवेंत तोलून धरतात ते त्याचे पंख; एंजिनाचें काम त्यास पुढें ओढण्याचें. ओढणारा थकला तरी पंख आपलें काम टाकीत नाहींत. मात्र वेग राहिला पाहिजे, आणि एंजिनावांचून वेग मिळविण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे नाक किंचित् खालीं करून उतरणीस लागणें. घार पंख न हालवितां गिरक्या घेत उतरते त्यांतलाच हा प्रकार. उंची ही अशा रीतीनें वैमानिकाची गांठीची पुंजी होय. मिळकत बंद झाली कीं ती पुंजी खर्चून त्यास वेग विकत घ्यावा लागतो, आणि ती पुरती संपण्यापूर्वीं उतरण्याजोगी जागा हातीं लागली तर तो वांचला. जो घाबरून नाक वर उचलतो (आणि घाबरलेल्या मनुष्याचा हात आपोआप तिकडेच वळतो) तो उरलासुरला वेगही घालवून बसतो. मग मात्र पंखही त्यास सोडून देतात.

हा धडा अगदीं आरंभींच गिरविला गेला. १९०९ च्या जुलै महिन्यांत इंग्लिश खाडी ओलांडण्याची चढाओढ लागली होती. १९ तारखेस ह्यूबर्ट लॅथम हा फ्रेंच गृहस्थ कॅलेजवळून 'आंत्वानेत' विमानांत बसून निघाला, आणि कांहीं मैल जातो न जातो तोंच एंजिन थांबलें. त्यानें नाक खालीं करून विमान पाण्यावर बेतानें टेकविलें. तें तरंगत राहिलें. आणि फ्रेंच आरमाराची बोट त्यास शोधीत आली तेव्हां हे महाशय आपल्या बैठकींत निवांत सिगारेट ओढीत होते. सहा दिवसांनीं ब्लेरिओनें पंचवीस अश्वशक्तीच्या लहानशा एंजिनावर खाडी ओलांडली व त्याचें नांव जगभर झालें. त्यानंतर दोनच दिवसांनीं लॅथम पुन्हां निघाला, आणि डोव्हरचे कडे दृष्टीच्या टप्प्यांत आले असतां पुन्हां पाण्यांत उतरला! शाळेंतील मुलांस ब्लेरिओ ठाऊक असतो, लॅथम नसतो. परंतु एंजिन थांबलेलें विमान समुद्रावर उतरवून मनुष्य जिवंत राहूं शकतो, हें लॅथमनें एकदां नव्हे, दोनदां दाखवून दिलें.

तथापि बंद पडलेलें एंजिन हा एका अर्थीं सोपा प्रश्न आहे. तेथें निवड करावयाची उरतच नाहीं. खरा कठीण प्रसंग रडतखडत चालणाऱ्या एंजिनाचा. तें चालत आहे तोंवर आशा वाटते, आणि आशा वाटते तोंवर मनुष्य निर्णय पुढें ढकलतो. जुन्या मोटारी खंडाळ्याचा घाट चढूं लागल्या कीं पाणी उकळून वाफा येत, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस चालकाचें वर्तन आठवत असेल. तो गाडी कडेला घेई, चाकाला दगड लावी, पुढचें झांकण उघडी आणि बिडी पेटवून खुशाल बसे. पाणी निवलें कीं पुढें निघे. आकाशांत गाडी कडेला घ्यावयाची सोय नाहीं. तेथें तापलेलें एंजिन चालवीतच थंड करावें लागतें, आणि हॉकरपुढें प्रश्न आला तो नेमका हाच.

हॉकर हा ऑस्ट्रेलियांतील एका लोहाराचा मुलगा. त्याचा जन्म १८८९ चा. शाळेंत तो फारसा रमला नाहीं. मोटारींच्या कारखान्यांत हात काळे करून यंत्रविद्या शिकला, आणि १९११ सालीं विमानांच्या ओढीनें इंग्लंडांत आला. तेथें टॉमस सॉपविथ यांच्याकडे तो यंत्रकार म्हणून लागला व थोड्याच काळांत त्यांचा प्रमुख वैमानिक झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत सॉपविथच्या कारखान्यांतून बाहेर पडणारीं नवीं विमानें प्रथम उडवून पाहण्याचें जोखमीचें काम त्याच्याकडे असे. एंजिनाच्या आवाजांत जरा फरक पडला कीं त्याचें कारण ओळखणारा हा मनुष्य होता, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावी. त्याचा सोबती केनेथ मॅकेंझी-ग्रीव्ह हा आरमारांतील अधिकारी. सूर्य व तारे पाहून आपलें स्थान काढण्यांत तो मुरलेला होता.

लंडनच्या 'डेली मेल' पत्रानें १९१३ सालीं अटलांटिक महासागर विमानानें न थांबतां ओलांडणारास १० हजार पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें. युद्ध सुरू झाल्यानें तें स्थगित झालें व १९१८ सालीं पुन्हां पुढें आलें. न्यूफाउंडलंडपासून आयर्लंडपर्यंतचें अंतर सुमारें १९०० मैल. त्यासाठीं सॉपविथ कंपनीनें जें विमान बांधलें त्यास एकच एंजिन होतें, रोल्स-रॉइसचें 'ईगल', सुमारें साडेतीनशें अश्वशक्तीचें. वजन वांचावें म्हणून चाकांचा सर्व सांगाडा उड्डाण होतांच समुद्रांत सोडून द्यावयाची योजना होती, आणि विमानाच्या पाठीचा एक भाग असा घडविला होता कीं तो काढून उलटा केला म्हणजे लहानशी होडी व्हावी. या दोन युक्तींकडे पाहिलें म्हणजे योजकांचें मन कळतें. चाकें टाकून देतां येतात, कारण पुढें पोंचल्यावर विमान मोडलें तरी चालेल. पण होडी टाकून देतां येत नाहीं.

मार्चअखेर हॉकर व ग्रीव्ह न्यूफाउंडलंडांत दाखल झाले, आणि मग सुमारें सात आठवडे त्यांस हवा निवळण्याची वाट पाहण्यांत काढावे लागले. कधीं बर्फ, कधीं धुकें, कधीं चिखल. तेवढ्यांत अमेरिकन आरमाराचीं तीन मोठीं जलविमानें अझोर्स बेटांच्या मार्गानें अटलांटिक ओलांडावयास निघाल्याची व त्यांपैकीं एक बेटांवर पोंचल्याचीही वार्ता आली. बक्षिसाशीं त्यांचा संबंध नव्हता, तरी प्रथमत्वाचा मान जाणार हें उघड होतें. हवा मनाजोगती नसतांही १८ मे रोजीं दुपारीं हॉकर निघाला. सुमारें तासाभरानें त्याचा प्रतिस्पर्धी रेनम यानेंही आपलें विमान धांवविलें, परंतु तें जमिनीवरच मोडलें. हॉकरनें किनारा ओलांडतांच चाकें सोडून दिलीं. आतां चाकांवर उतरणें त्याला कोठेंच शक्य नव्हतें.

पहिले कांहीं तास बरे गेले. पुढें ढग दाटले, पाऊस लागला, आणि निघाल्यापासून पांचसहा तासांनीं, रात्रीच्या काळोखांत, हॉकरच्या ध्यानांत आलें कीं एंजिनांतील पाण्याचें उष्णतामान चढत आहे.

येथें थोडें यंत्रशास्त्र सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. या जातीच्या एंजिनाभोंवतीं पाणी खेळविलेलें असतें. तें एंजिनाची उष्णता घेऊन समोरच्या जाळीदार पेटींत, म्हणजे रेडिएटरांत, जातें, वाऱ्यानें निवतें व पुन्हां परत येतें. हा फेरा जोंवर चालू तोंवर सर्व ठीक. हॉकरचें मत असें होतें कीं रेडिएटरांतून सुटलेला डाखाचा वा गंजाचा कण-कचरा पाण्याच्या वाटेवरील चाळणींत जाऊन बसला आणि फेरा कोंडला. त्यांतच उंचीची भर. महाबळेश्वरीं डाळ शिजावयास पुण्यामुंबईपेक्षां वेळ लागतो, कारण जों जों वर जावें तों तों पाणी कमी उष्णतेवर उकळतें. १२ हजार फुटांवर तर तें सेंटिग्रेडच्या ८८ अंशांच्या सुमारासच उकळूं लागतें. म्हणजे ढगांच्या वर जावें तर पाणी वाफ होऊन उडून जाणार, आणि खालीं यावें तर ढगांत तारे दिसेनात, ग्रीव्हला मार्ग सांपडेना. पाणी एकदां संपलें कीं एंजिन तापून जाम होणार, हें दोघांसही ठाऊक होतें.

हॉकरनें केलें तें असें. त्यानें एंजिन बंद केलें आणि विमानाचें नाक खालीं करून त्यास उतारावर सोडलें. चालत्या एंजिनाचा पंप पाणी ओढीत असतो व त्या ओढीनें कचरा चाळणीस चिकटून राहतो. ओढ थांबली तर तो सुटेल, आणि तोंवर वाऱ्यानें पाणीही निवेल, हा त्याचा तर्क. अटलांटिकच्या मध्यावर, रात्रीं, चालतें एंजिन आपण होऊन बंद करावयाचें, ही कल्पना वाचकांनीं क्षणभर मनांत आणून पाहावी! उंचीची पुंजी मोजून खर्चावयाची आणि तिच्या मोबदल्यांत एंजिनाला थोडी विश्रांति विकत घ्यावयाची, असा हा व्यवहार होता. तो साधला. एंजिन पुन्हां सुरू झालें, उष्णतामान उतरलेलें दिसलें. परंतु वर चढूं लागतांच तें पुन्हां वाढलें. दुसऱ्या खेपेस गुण पहिल्याइतका आला नाहीं. तेव्हां त्यानें ती युक्ति सोडली, कशीबशी १२ हजार फुटांची उंची गांठली, आणि एंजिनाची गति कमी करून, त्यास चुचकारीत, रात्रीचे उरलेले तास काढले. वाफ जातच होती. पाणी कमी होतच होतें.

पहांटे समोर काळ्याभोर ढगांची भिंत उभी राहिली. तिच्यावरून जाण्याइतकें चढावें तर पाणी उकळतें. म्हणून तो खालीं उतरूं लागला, आणि या लांबलचक उतरणींत एंजिन इतकें निवलें कीं तें सुरूच होईना. ग्रीव्ह हातपंपानें पेट्रोल चढवूं लागला. समुद्र जवळ जवळ येत होता; लाटांचे पांढरे माथे स्पष्ट दिसूं लागले. हॉकरनें विमान पाण्यावर टेकविण्याची तयारी केली, आणि अगदीं शेवटच्या क्षणीं एंजिनानें गर्जना केली व विमान पुन्हां वर निघालें.

आतां सकाळ झाली होती. अर्ध्याहून थोडें अधिक अंतर मागें पडलें होतें. एंजिन चालत होतें. पेट्रोल भरपूर होतें. आयर्लंड पुढें होतें, बक्षीस पुढें होतें, आणि हॉकरनें आयर्लंडचा नाद सोडला. जहाजांची नेहमींची वाट जिकडे असावी तिकडे त्यानें विमान वळविलें आणि नागमोडी रेघा ओढीत तो आगबोट शोधूं लागला.

आमच्या मतें या सर्व हकीकतींत महत्त्वाची गोष्ट हीच होय. लाटांपासून हातभर अंतरावर एंजिन सुरू झालें हा दैवाचा भाग. पण एंजिन सुरू झाल्यानंतर, म्हणजे संकट टळल्यासारखें वाटत असतां, ध्येय सोडण्याचा निर्णय घेणें हा मनुष्याचा भाग. शंभरांतील नव्वद जण त्या क्षणीं म्हणाले असते, 'आतां सुरू झालें आहे ना, मग जाऊं तितकें पुढें.' आणि पाणी संपतें त्या जागीं ते समुद्रांत उतरले असते, जेथें आसपास जहाज असेलच असें नाहीं. उतरणें अटळ आहे हें हॉकरनें ओळखलें होतें. कोठें उतरावयाचें एवढेंच त्याच्या हातीं उरलें होतें, आणि तेंही एंजिन चालत होतें तोंवरच. 'शिर सलामत तर पगडी पचास' ही आपली म्हण पळपुट्यांनीं इतकी वापरली आहे कीं तिचा खरा अर्थ झिजून गेला. पण १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले देणाऱ्या शिवाजीमहाराजांस कोणी पळपुटा म्हणत नाहीं. अंगांत बळ असतां घेतलेली माघार आणि बळ संपल्यावर आलेली शरणागति यांत फरक आहे, आणि तो फरक वेळेचा आहे.

सुमारें दोन-अडीच तास शोध केल्यावर धुक्यांतून एक लहानशी मालवाहू आगबोट दिसली. ती डेन्मार्कची होती, 'मेरी' तिचें नांव. हॉकरनें तिच्यावरून घिरट्या घातल्या, ग्रीव्हनें रंगीत प्रकाशाचे बाण सोडले, आणि मग बोटीच्या पुढें कांहीं अंतरावर हॉकरनें विमान पाण्यावर टेकविलें. समुद्र इतका खवळलेला होता कीं बोटीवरील होडीस त्यांच्यापर्यंत येऊन त्यांस परत नेण्यास दीड तास लागला. निघाल्यापासून हवेंत साडेचौदा तास गेले होते.

'मेरी'वर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें, आणि त्यामुळें या कथेस एक दुसराच रंग चढला. ती आपल्या संथ गतीनें पूर्वेकडे चालली होती, आणि इकडे इंग्लंडांत एक एक दिवस उलटत होता. वर्तमानपत्रांनीं मृत्युलेख लिहिले. राजेसाहेबांची सांत्वनपर तार हॉकरच्या पत्नीस आली. म्युरिअल हॉकर हिनें मात्र आशा सोडावयाचें साफ नाकारलें. शेजारीपाजारी तिच्याकडे कींवेनें पाहत असावे. रविवार २५ मे रोजीं स्कॉटलंडच्या वायव्येस लुइस बेटाच्या टोंकाशीं 'मेरी' आली आणि तिनें किनाऱ्यावरील ठाण्यास निशाणांनीं कळविलें कीं सॉपविथ विमानांतील माणसें वांचविलीं आहेत. किनाऱ्यावरून विचारणा झाली, हॉकर काय? होकार आला. मग जो आनंदोत्सव झाला त्याचें वर्णन करीत बसत नाहीं. बक्षीस जिंकून आलेल्या वीराचेंही असें स्वागत क्वचितच झालें असेल. 'डेली मेल'नें त्यांस सांत्वनादाखल ५ हजार पौंड दिले.

हॉकर हा देव नव्हता. लंडनला आल्यावर एका भोजनप्रसंगीं त्यानें अमेरिकनांस टोला मारला कीं दर पन्नास मैलांवर एक एक युद्धनौका उभी करणें म्हणजे आपल्या एंजिनावर विश्वास नसल्याची कबुली होय. अमेरिकेंत त्यावरून बराच गहजब झाला, आणि तो रास्त होता. ज्याला योगायोगानें भेटलेल्या एका मालबोटीनें वांचविलें त्यानें मुद्दाम उभ्या केलेल्या बोटींस हंसावें, हें गमतीचेंच. शिवाय त्या तीन अमेरिकन जलविमानांतील जें एकच शेवटपर्यंत पोंचलें, तें 'एन्-सी-४', आरंभींच एंजिन बिघडल्यानें समुद्रावर उतरलें होतें आणि पाण्यावरून सरपटत बंदरास लागलें होतें. दुरुस्ती करून तें मागाहून निघालें, आणि ३१ मे रोजीं इंग्लंडांतील प्लिमथ येथें दाखल झालें. विश्वासापेक्षां तयारी अधिक उपयोगाची, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

न थांबतां ओलांडण्याचें बक्षीस पुढच्याच महिन्यांत, १४ व १५ जून रोजीं, अल्कॉक व ब्राउन यांनीं मिळविलें. त्यांच्या 'विमी' विमानास हॉकरच्याच जातीचीं दोन 'ईगल' एंजिनें होतीं. तेव्हां हॉकरजवळ दोन असतीं तर तो पोंचला असता, असें कोणी म्हणेल. हा तर्क दिसतो तितका सरळ नाहीं. दोन एंजिनें म्हणजे बिघाडाच्या दुप्पट जागा. आणि पेट्रोलानें जड झालेलें विमान उरलेल्या एका एंजिनास पेलत नसेल तर दुसऱ्याचा उपयोग फक्त बिघडण्यापुरता. उड्डाणाच्या पूर्वार्धांत 'विमी'ची अवस्था याहून फार निराळी नव्हती.

या बाबतींत पुढच्या काळांतील एक प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. १९३५ सालच्या मे महिन्यांत चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ हा विख्यात ऑस्ट्रेलियन वैमानिक आपल्या 'सदर्न क्रॉस' या तीन एंजिनांच्या विमानांतून टास्मन समुद्रावरून न्यूझीलंडकडे टपाल नेत होता. बरोबर पी. जी. टेलर हा दुसरा वैमानिक, आणि जॉन स्टॅनेज बिनतारी यंत्रावर. वाटेंत मधल्या एंजिनाच्या धुराच्या नळीचा तुकडा सुटला व उजवीकडील पंख्यावर आदळला. तो पंखा मोडल्यामुळें तें एंजिन बंद करावें लागलें. विमान सिडनीकडे वळविलें. थोड्या वेळानें डावें एंजिन तेल जाळूं लागलें. तेल संपलें कीं तेंही जाणार, आणि एका एंजिनावर विमान तरंगणार नाहीं, असा हा पेंच. बंद पडलेल्या उजव्या एंजिनाच्या टांकींत मात्र तेल शिल्लक होतें. टेलर खिडकींतून बाहेर पडला, वाऱ्याच्या झोतांत आडव्या दांडीवरून सरकत त्या एंजिनापर्यंत गेला, आणि थर्मासच्या भांड्यांत तेल भरभरून आणूं लागला. स्टॅनेज तें एका बॅगेंत सांठवी. मग दुसऱ्या बाजूस जाऊन तेंच तेल डाव्या एंजिनांत ओतावयाचें. तेथें अडचण अशी कीं चालत्या पंख्याच्या वाऱ्यापुढें ओतणाऱ्याचा निभाव लागेना. म्हणून किंग्सफर्ड स्मिथ प्रथम विमान शक्य तितकें वर चढवी, आणि मग डाव्या एंजिनाची गति उतरवून विमान घसरत सोडी. त्या घसरणीच्या अवधींत टेलर आपलें काम उरकी. समुद्र जवळ आला कीं एंजिन पुन्हां जोरांत. हा फेरा सहा वेळां झाला. वजन कमी करण्यासाठीं सामान फेंकलें, आणि अखेर टपालाच्या थैल्याही समुद्रांत गेल्या. विमान सिडनीस सुखरूप उतरलें.

हॉकरनें पाणी निववण्यासाठीं उंची खर्चिली, किंग्सफर्ड स्मिथनें तेल ओतण्यासाठीं, हिशेब एकच. टेलरच्या धाडसाची कीर्ति झाली व ती व्हावयासच हवी होती. परंतु बिघाड होतांच विमान मागें वळविणारा आणि ज्या टपालासाठीं निघालें तेंच पाण्यांत टाकण्यास संमति देणारा जो निर्णय, त्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत किंग्सफर्ड स्मिथ एका एंजिनाच्या विमानानें इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जातांना अलाहाबादेहून सिंगापूरच्या रोखानें निघाला, आणि सोबत्यासह नाहींसा झाला. १९३७ सालीं ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगत त्या विमानाच्या चाकाचा एक पाय सांपडला. शेवटच्या घटकेस काय बिघडलें व त्यावर काय उपाय योजले, हें सांगावयास कोणी उरलें नाहीं. अपयशाचा इतिहास लिहावयाचा तर अपेशी मनुष्य जिवंत परत यावा लागतो, ही इतिहासकाराची एक विचित्र अडचण आहे.

आपल्या देशांतही लहान विमानांचें युग एका एंजिनाच्या भरंवशावरच सुरू झालें. १९३० सालीं आगाखानांच्या बक्षिसासाठीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें करणारा सतरा वर्षांचा अस्पी एंजिनीअर ईजिप्तमधील अबुकीर येथें चांगल्या स्पार्क प्लगांवांचून अडकून पडला होता. उलट दिशेनें येणारे त्याचे प्रतिस्पर्धी जे. आर. डी. टाटा यांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यास देऊन टाकले, आणि बक्षीस अस्पीनें जिंकलें. हाच तरुण पुढें १९६० सालीं भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू मैदानावर जें टपाल आणलें तेंही एकाच एंजिनाच्या 'पस मॉथ' विमानांतून. दुसऱ्याचें एंजिन चालतें राहावें म्हणून स्वतःचे प्लग देणारा हा मनुष्य टपालाच्या धंद्यांत टिकला, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

हॉकरला पुढें फार आयुष्य लाभलें नाहीं. सॉपविथची कंपनी बंद झाल्यावर १९२० सालीं त्याच्या नांवानें नवी कंपनी निघाली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत गाजलेलें 'हरिकेन' तिचेंच, आणि १९७१ च्या युद्धांत लोंगेवालाच्या वाळवंटांत आपल्या हवाई दलानें जीं 'हंटर' विमानें वापरलीं तींही त्याच नांवाखालीं बांधलेलीं. हॉकरनें यांतलें कांहींच पाहिलें नाहीं. १२ जुलै १९२१ रोजीं लंडनजवळ हेंडन येथें शर्यतीचा सराव करीत असतां त्याच्या विमानानें पेट घेतला व तो मरण पावला. त्या वेळीं तो बत्तीस वर्षांचा होता. म्युरिअलनें त्याचें चरित्र लिहून दुसऱ्या वर्षीं प्रसिद्ध केलें.

समुद्रांत सोडलेलें तें विमान मात्र बुडालें नाहीं. 'मेरी' अद्याप वाटेंतच होती आणि जगास हॉकर जिवंत असल्याचें ठाऊक नव्हतें, तेव्हां, २३ मे रोजीं, एका अमेरिकन आगबोटीस तें लाटांवर हेलकावे खात असलेलें आढळलें. तिनें तें वर उचलून घेतलें. पुढें लंडनांतील सेल्फ्रिज यांच्या दुकानाच्या गच्चीवर तें लोकांस पाहावयास ठेवलें होतें. त्यांत टपालाची थैली होती. न्यूफाउंडलंडच्या पोस्टानें या उड्डाणासाठीं तीन सेंटांच्या अवघ्या दोनशें तिकिटांवर निराळा छाप मारला होता, आणि त्यांतील बरींच त्या थैलींतील पत्रांवर चिकटविलेलीं होतीं. पांच दिवस समुद्रांत भिजलेलीं तीं पत्रें वाळविलीं गेलीं, लंडनास आलीं, आणि ज्यांचीं त्यांस घरपोंच झालीं.